तीन रेघांची फळी

कमळाकरदादा, तुमची लाल पेन्सिल सध्या माझ्या शर्टाच्या खिशात आहे. वहिनींनी दिली. शेडमधलं हत्यार शेडच्या बाहेर न्यायचं नाही, हा तुमचा कायदा मला पाठ आहे. तरी आणली. ती का आणली ते सांगायला बसलोय, आणि ते सांगायचं तर नऊ वर्षं मागे जावं लागेल. तुम्ही होतात तोवर मी तोंड उघडलं नाही. आता तुम्ही ऐकायला नाही, तर निदान बाकी सगळ्यांना ऐकू जाईल असं लिहितो.

तुमच्या दहाव्याला लोक चांगलं बोलले. होड्या बांधणारा मिस्त्री गिटारी बनवायला लागला, पालघर-बोईसरची पोरं त्याच्या गिटारीवर शिकली, असं सगळे कौतुकाने सांगत होते. आणि मग प्रत्येक जण आवाज जरा खाली आणून पुढचं वाक्य बोलत होता, "शेवटी शेवटी हात गेला होता बिचाऱ्याचा." मी तिथेच उभा होतो, हातात चहाचा कागदी पेला. चहावर साय धरली तरी मी तसाच उभा होतो.

तुमचा हात गेला नव्हता, दादा. तो मी घालवला.

आपली पहिली भेट तुम्ही फार रंगवून सांगायचात, माझी चेष्टा करत. मी साताऱ्याकडून बोईसरला येऊन दोन वर्षं झाली होती. भाड्याची खोली, एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये नोकरी, आणि हौसेने घेतलेली एक स्वस्तातली गिटार. पहिल्याच पावसाळ्यात तिचा ब्रिज, म्हणजे तारा ज्या पट्टीला अडकवतात ती, उखडून वर आला. बोईसरला कोणी जोडून देईना. एका रिक्षावाल्याने सांगितलं, तारापूरला खाडीवर एक होडीवाला मिस्त्री आहे, तो काहीही चिकटवतो. मी गिटार सायकलला बांधली आणि पाम गावावरून तुमच्याकडे आलो. तुम्ही होडीच्या पोटाखाली आडवे होतात. बाहेर आलात, गिटारवर बोटाच्या पेराने टकटक केलीत, कान लावलात आणि माझ्याकडे बघितलंत.

"ही कुठशी आनलीस? ही गिटार नाय रे. ही चपलांची पेटी हाय, तारा लावलेली."

मला राग आला. म्हणालो, "आवाज बरा आहे तिचा."

"प्लायवूड हाय. एक थर उभा, एक आडवा, परत एक उभा. एकाने बोलायला तोंड उघडलं का दुसरा दाबतो. सरकारी हापिसासारखं. त्याच्यातून आवाज कुठशी येल?"

पण चिकटवून दिलीत. आणि त्याआधी अर्धा तास आरसा नि बॅटरी आत घालून बघत राहिलात. आतल्या पट्ट्या कशा लावल्यात, कुठे जाड, कुठे निमुळत्या. मग स्वतःशीच हसलात. "फासळ्या हायेत, कुशी वाकवल्यात. ही तर होडी हाय. हिच्या बाहेर पानी नाय, आत हवा हाय, येवढाच फरक."

तेव्हा फायबरच्या होड्या यायला लागल्या होत्या आणि तुमच्या हाताला काम कमी झालं होतं. हे मला नंतर कळलं. तुम्ही स्वतः ते कधी बोलला नाहीत. मोडीत काढलेल्या एका होडीच्या सागापासून तुम्ही पहिली गिटार केलीत. कुशी, म्हणजे बाजूच्या फळ्या, वाकवायला होडीच्या इंजिनाच्या सायलेन्सरचा तुकडा तापवून घेतलात, फळी ओली करून त्यावर दाबत दाबत वळवलीत. दिसायला देखणी झाली. पण सागाने पंचवीस वर्षं तेल आणि खारं पाणी प्यायलेलं, सरस धरेना. आणि वास! वहिनी दारात येऊन म्हणाल्या होत्या, "ही वाजवायची का तळायची?" तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. मला वाटतं, मी तुमच्याकडे दर रविवारी यायला लागलो तो त्या हसण्यामुळे. माझ्या खोलीत कोणी तसं हसत नव्हतं.

पेट्यांचं लाकूड मी आणलं. ते श्रेय तुम्ही मला उभ्या गावात दिलंत, म्हणून आता ते घेताना लाज वाटते. कंपनीत बाहेरच्या देशांतून मशिनं यायची, मोठ्या लाकडी पेट्यांत. मशीन निघालं की पेटी भंगारात, नाहीतर कंत्राटी कामगारांच्या चुलीत. मी साहेबांची परवानगी काढून एक फळी तुमच्यासाठी आणली. फिकट पिवळी, वजनाला हलकी. तुम्ही ती दोन बोटांत लोंबती धरलीत, मध्यावर टिचकी मारलीत, आणि ती घुमली. फळीसारखी फळी, आणि घुमली. तुम्ही ती उलटी करून पुन्हा टिचकी मारलीत. मग म्हणालात, "सुदा, ह्यातली एक पन फली चुलीत जाऊ द्यायची नाय."

ते स्प्रूस होतं. थंड मुलखातलं सावकाश वाढलेलं झाड. मी नाव शोधून आणलं, तुम्ही म्हणालात, नावाचं काय करायचं, रेघा बघ. फळीच्या टोकाला वर्षांच्या रेघा कंगव्याच्या दातांसारख्या सरळ आणि जवळजवळ असल्या की फळी ताठ. ताठ आणि तरी हलकी, हेच गिटारच्या पुढच्या फळीला लागतं. तिला तुम्ही छाती म्हणायचात. तार हलते ती ब्रिजला हलवते, ब्रिज छातीला हलवतो, आणि छाती आतल्या हवेला. छाती जाड ठेवली तर तार बिचारी धडका मारत बसते आणि आवाज दाराबाहेरच राहतो. पातळ केली तर आवाज मोकळा सुटतो, पण तारांची ओढ सोसत नाही, ब्रिजच्या मागे पोट सुटतं. या दोन्हींच्या मधली जागा प्रत्येक फळीची वेगळी. ती मोजपट्टीवर नसते. तुम्ही रंधा मारायचात, टिचकी मारायचात, रंधा मारायचात, टिचकी मारायचात, आणि एका क्षणी थांबायचात. का थांबलात, ते मला वीस वर्षांत कळलं नाही. पण कुठे थांबलात ते कानाला कळायचं.

आपलं भांडण तिथेच सुरू झालं. माझं म्हणणं, लाकूड उत्तम असेल तर गिटार उत्तम होणारच. तुमचं म्हणणं, "लाकूड निम्मं. हात निम्मा. आनि थांबनं दोघांच्या वरती." पाठीच्या लाकडावरून तर आपण किती रविवार घालवले! तुम्हीच एकदा म्हणाला होतात की शिसवीचा आवाज विहिरीतून येतो आणि फणसाचा ओटीवरून. आणि मग मी तेच तुम्हाला ऐकवलं की फिरायचात, "छाती बोलते रे, पाठ नुसती भिंत हाय." शेवटी तुम्ही एकाच फळीतून दोन छात्या काढून दोन गिटारी केल्यात, एकीची पाठ शिसवीची, दुसरीची फणसाची, मला भिंतीकडे तोंड करून बसवलंत आणि दोन्ही वाजवल्यात. मी तीनदा बरोबर ओळखलं. तुम्ही म्हणालात, "तुला शिसवीचा वास आला. ही परीक्षा बाद." ते भांडण तसंच राहिलं आहे. मी अजून माझ्या मतावर ठाम आहे, हे तुम्हाला कळावं.

आता रेघांचं.

पेटीची फळी आली की ती वापरायची नाही, हा दुसरा कायदा. शेडच्या माळ्यावर, मध्ये लाकडाच्या चिपा घालून, हवा खेळेल अशी रचायची. पाऊस संपला, खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की माळ्यावरच्या प्रत्येक फळीच्या टोकावर लाल पेन्सिलीने एक रेघ. एक पावसाळा, एक रेघ. फळी पावसाळ्यात दमट हवा पिते, हिवाळ्यात सोडते. असं तीनदा पिऊन सोडून झालं की तिच्या अंगातली ओढाताण संपते, म्हणायचात. तीन रेघांच्या फळीलाच करवत लागायची. फळ्या मी आणायचो म्हणून रेघा ओढायचं काम तुम्ही मला दिलंत. पेन्सिल तुमची, हात माझा. तुम्ही कधी मोजायला आला नाहीत.

नऊ वर्षांपूर्वी पालघरला गिटारचा क्लास चालवणाऱ्या विल्सन सरांनी तुमच्याकडे गिटार सांगितली. जानेवारीत पुण्याला त्यांचा कार्यक्रम होता. त्याच पावसाळ्यात कंपनीत एक मशीन आलं होतं, आणि पेटी दोन महिने आवारात पावसात पडून होती. ती फोडली तेव्हा आतल्या बाजूला मला ती फळी दिसली. तशी फळी मी आजवर पाहिली नव्हती. रेघा मोजता मोजता डोळे दमावेत इतक्या बारीक आणि सरळ. मी तिथेच ठरवलं, विल्सन सरांच्या गिटारची छाती हीच. दादांना दाखवूनच देतो लाकूड म्हणजे काय ते.

तीन पावसाळे थांबायची माझी तयारी नव्हती. एवढंच आहे ते, दादा. यात दुसरं काही कारण नाही. मला भांडण जिंकायचं होतं.

आमच्या देखभाल खात्यात मोटारी गुंडाळायची शेड होती. गुंडाळलेल्या मोटारी वार्निशमध्ये बुडवून भट्टीत भाजतात. मी फळीचे गिटारच्या मापाने तुकडे केले आणि भट्टीत ठेवले, सकाळच्या पाळीपासून दुसरी पाळी सुटेपर्यंत. भट्टीवरचा बिहारचा कामगार म्हणाला, "सुधाकर साब, लकडी की बिर्याणी बना रहे हो क्या?" मी हसलो. मनात मी स्वतःला सांगत होतो की पेटीवर उष्णता दिल्याचा शिक्का आहेच, आणखी एकदा भाजली तर काय बिघडतं. तो शिक्का कीड मारल्याचा असतो, वाळवल्याचा नसतो, हे स्टोअरमधल्या माणसाला माहीत नाही असं होतं का? मला माहीत होतं.

तुकडे बाहेर काढले तेव्हा वरून खणखणीत कोरडे होते. मी ते तारापूरला आणले, तुम्ही जेवायला घरात गेला होतात तेव्हा माळ्यावर चढलो आणि जुन्या ढिगात सरकवले. खंडेनवमीला आपण पूजा केली. तुम्ही खाली नारळ फोडत होतात. मी वर सगळ्या फळ्यांवर एकेक रेघ ओढली आणि त्या तुकड्यांवर तीन. पहिल्या दोन जुन्या दिसाव्यात म्हणून अंगठ्याने पुसट केल्या.

तुम्ही तुकडा चिरलात तेव्हा मी समोर बाकावर होतो. पान उघडल्यासारख्या दोन बाजू झाल्या आणि दोन्ही किंचित वाकल्या, पन्हाळीसारख्या. वरून कडक, आतून ओली असली की लाकूड असं वाकतं. तुम्ही फळी नाकाशी नेलीत. कपाळाला आठी पडली.

"सुदा, हिने तीन पावसाले बगितलेत ना रे?"

मी म्हणालो, "हो."

एक अक्षर. तुमचं नाक वेगळं सांगत होतं, आणि तुम्ही नाकाचं ऐकलं नाहीत, माझं ऐकलंत. आठी गेली. तीन रेघांची फळी चिरल्यावर तुम्ही जास्त थांबवत नसायचात. चार दिवसांत छाती जोडली, फासळ्या लावल्या. रंधा मारताना तुम्ही वेगळेच झाला होतात. ही फळी इतकी ताठ होती की तुम्ही नेहमीच्या जागी थांबलाच नाहीत. आणखी पातळ, आणखी पातळ. तीनच्या वर ठेवणारा माणूस दोन पूर्णांक तीन मिलिमीटरवर येऊन थांबला. मी घाबरून म्हणालो, "दादा, बास." तुम्ही टिचकी मारलीत आणि म्हणालात, "आयक. ती नको बोलते का? नाय ना?"

ती गिटार दिवाळीनंतर पुरी झाली. विल्सन सर शेडमध्ये स्टुलावर बसून वाजवायला लागले आणि वहिनी हातातलं काम टाकून दारात आल्या. खर्जाची जाड तार छेडली की बाकावर बसलेल्या मला ती मांडीखाली जाणवत होती. बारीक तारा काचेवर पाण्याचा थेंब पडावा तशा. सर वाजवायचं थांबले तरी आवाज थोडा वेळ शेडमध्ये रेंगाळत होता.  मग तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत, सगळ्यांसमोर. "जिंकला रे सुदा. लाकूडच ते."

दादा, त्या थापेची जागा अजून दुखते.

जानेवारीत सर पुण्याला गेले. तिथली हवा कोरडी. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी खोलीत ठेवलेल्या गिटारमधून 'टण्' असा आवाज आला. ब्रिजच्या कडेपासून खाली, एका रेघेत, छाती फुटली होती. सर ती तशीच घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही ती मांडीवर घेतलीत आणि भेगेवरून बोट फिरवत राहिलात. विचारलंत काहीच नाही. थोड्या वेळाने म्हणालात, "माजीच चूक. हात हावरा झाला. दोन पॉइंट तीनवर न्यायची नव्हती."

मी तेव्हाच ओळखलं होतं. पातळ छाती अशी फुटत नाही. ती फुगते, ब्रिजमागे पोट काढते, भोकाच्या बाजूला आत बसते. सरळ रेघेत फुटते ती आकसणारी फळी. आतला ओलावा सुटला, तिला आकसायचं होतं, आणि आडव्या फासळ्या नि ब्रिज तिला घट्ट धरून होते. जागा मिळाली नाही, म्हणून फुटली. हे तुम्हीच मला शिकवलं होतं. तुम्हाला ते सुचलं नाही असं नसणार. पण लाकडावर तीन रेघा होत्या. लाकडावर संशय घ्यायचा तर माझ्यावर घ्यावा लागला असता. तो तुमच्या मनात आलाच नाही. मग उरले तुमचे हात.

सरांना तुम्ही जाड छाती बसवून दिलीत. त्यानंतर चार गिटारी केल्यात, सगळ्या जाड. वाजायच्या, पण दार ठोठावल्यासारख्या. रंधा मारताना मध्येच हात उचलून घ्यायचात, भाजल्यासारखा. लोक यायचे बंद झाले. तुम्ही दारं-खिडक्या करायला लागलात, मासळी वाळवायच्या काठ्यांचे मांडव उभे करून द्यायला लागलात. मी दर रविवारी येत राहिलो. चहा प्यायलो. दर रविवारी पामच्या वळणापर्यंत ठरवत यायचो की आज सांगायचं, आणि तुम्ही "ये रे सुदा" म्हणालात की पोटातलं पोटात. आधी वाटलं, तुम्हाला राग येईल. नंतर वाटलं, तुम्हाला राग येणार नाही, आणि ते जास्त अवघड वाटायला लागलं.

परवा खंडेनवमीला वहिनींनी निरोप पाठवला. "या वरसाला आमचा सनवार नाय. पन हत्यारं उपाशी ठेवायची नाय, तो सांगून गेलाय. भावजी, तुमी या."

रंधे, पटाशा, करवती, तो सायलेन्सरचा तुकडा, सगळं त्यांनी पुसून पाटावर मांडलं होतं. झेंडू होता. आणि भिंतीवर, खिळ्याला, ती फुटकी छाती. नऊ वर्षं मी तिच्याकडे पाठ करून बसायचो. त्या दिवशी खाली काढली. मागच्या बाजूला तुमच्या अक्षरात होतं, "२.३. हावरेपणा केला."

मी खाली बसलो. म्हणालो, "वहिनी, दादांनी हावरेपणा केला नव्हता." आणि पेटीपासून भट्टीपर्यंत, भट्टीपासून रेघांपर्यंत सगळं सांगितलं. त्या अक्षता वाहत होत्या. हात तसाच राहिला.

"म्हंजे नऊ वरसं?"

"हो."

"तो सकाली उठून हात उलटे-सुलटे करून बगायचा, भावजी. मी बोलायची, म्हातारा झालास, आता असंच चालायचं. मी बोलायची. माज्या तोंडाने." त्या बाकाकडे बघत होत्या. "आनि तुमी हितं बसून चा प्यायचात."

मी माफी मागितली.

"मला काय करायची ती? ज्याची हाय त्याला नाय पोचत आता. तुमी लोकांना सांगा. दहाव्याला जे जे बोलले हात गेला म्हनून, त्या सगल्यांना. आनि विल्सनला आत्ता फोन लावा. माज्यासमोर."

लावला. सर क्लासमध्ये होते, मागे कोणीतरी एकच कॉर्ड पुन्हा पुन्हा घोटत होतं. मी सांगत गेलो. मागचा आवाज थांबला, सरांनी थांबवला असावा.  मग म्हणाले, "सुधाकर, मी हे शिकवतो. छाती फार पातळ केली की काय होतं, म्हणून पोरांना माझ्या गिटारची गोष्ट सांगतो. दरवर्षी."

"माहीत आहे, सर."

"उद्यापासून दुसरी गोष्ट सांगेन. तुझं नाव घेऊन."

"घ्या," मी म्हणालो. आणि खरं सांगतो दादा, नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्या छातीत हवा गेली.

दुपारी सर स्कूटरवरून येऊन हजर झाले. तुमच्या हाताखाली दुरुस्त्या शिकलेला माणूस, रंधा धरायला येतो त्यांना. फुटकी छाती उजेडाकडे धरून बघितली, भेगेवरून बोट फिरवलं, अगदी तुमच्यासारखं. म्हणाले, "दादांच्या मापाने करायची. दोन पॉइंट तीन. खऱ्या फळीवर. मग बोलू दे कोणाला काय बोलायचं ते." माळ्यावर दोन रेघांची एक फळी होती. तुम्ही अंथरुणाला खिळण्याआधी मी आणलेली शेवटची. या दसऱ्याची तिसरी रेघ पडली की हिवाळ्यात काम सुरू करता येणार होतं. वहिनींचे डोळे चमकले. "वरसश्राद्धाला वाजली पायजे. ह्याच शेडमधी. सगल्यांना बोलवीन. त्या दहाव्याच्या सगल्यांना."

त्यांनी लाल पेन्सिल माझ्या हातात दिली.

मी माळ्यावर चढलो. फळीला हात लावला, कोरडी होती. तिसरा पावसाळा तिने काढला होता, रेघ तिच्या हक्काची होती. पण वरच्या पत्र्यावरचा प्लास्टिकचा कागद या वर्षी कोणी बांधला नव्हता. तुम्ही आजारी होतात आणि मी, दर रविवारी येणारा, वर बघितलं नव्हतं. कोपऱ्यात पाणी ठिबकल्याचा डाग होता. मी फळी खाली आणली, दोन बोटांत लोंबती धरली, मध्यावर टिचकी मारली. घुमली. टोकाकडे मारली. ठप्प. पुन्हा मारली. ठप्प.

सर म्हणाले, "ओढ ना. झाला की पावसाळा तिसरा."

"ओली आहे," मी म्हणालो.

"कुठे? हाताला तर कोरडी लागते."

"आतून. ओलीला कोरडी म्हणालोय मी एकदा. आता ओळखता येते."

वहिनी पुढे आल्या. "म्हंजे वरसाला नाय व्हायची?"

त्यांच्या तोंडाकडे बघून 'होईल' म्हणणं किती सोपं होतं! सर होते, रंधा होता, पेन्सिल माझ्या हातात होती आणि मोजायला कोणी येणार नव्हतं.

"नाही, वहिनी," मी म्हणालो. "वर्षाला नाही व्हायची."

त्यांनी फळी माझ्या हातातून घेतली, तिच्यावर हळदकुंकू वाहिलं, एक झेंडू ठेवला आणि सरांकडे देत म्हणाल्या, "वर ठेव. पन आधी पत्रा बगा दोघांनी." मी पेन्सिल पाटावर परत ठेवायला गेलो तर म्हणाल्या, "ती ऱ्हाऊ दे तुमच्याकडे. पुढल्या दसऱ्याला घेऊन या. आनि स्वतः या, निरोपाची वाट बगायची नाय."

पत्रा आम्ही संध्याकाळच्या आत नीट केला. गिटार होईल दादा, दोन पूर्णांक तीनवरच होईल, आणि फळी म्हणेल तेव्हा होईल. तिला एक वर्ष जास्त लागणार आहे. तुमच्या हाताबद्दलचं खरं मात्र तेवढं थांबायला नको, म्हणून हे आधी लिहिलं, माझ्या नावानिशी.

फळीवर दोनच रेघा आहेत. निघताना माळ्यावर चढून पुन्हा मोजून आलो.